राखीव औषधाची उधळपट्टी

जिवाणू फार हुशार झाले आहेत, असे म्हणण्याची रीत अलीकडे पडली आहे. वैद्यकीय परिषदांत हेच ऐकू येते, वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतही हेच छापून येते : औषधे बोथट झाली, जंतू निर्ढावले, निसर्गाने सूड उगवला. या वाक्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. कर्त्याच्या जागी कधी जंतू बसतो, कधी औषध, कधी निसर्ग. ज्याने औषध विकले, ज्याने ते पोत्यांतून डुकरांपुढे ओतले आणि ज्या शासनाने त्यास परवाना दिला, त्यांपैकी कोणीही त्या जागी बसत नाही. ग्लायकोपेप्टाइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा इतिहास तपासला, तर हा गाळलेला कर्ता तारखांसह आणि किलोंच्या हिशेबासह सापडतो.

या वर्गातील मूळ औषध व्हॅन्कोमायसिन. १९५२ साली बोर्निओच्या अरण्यात काम करणाऱ्या एका मिशनऱ्याने तेथील थोडी माती एलाय लिली या अमेरिकन औषधकंपनीत असलेल्या आपल्या रसायनज्ञ मित्राकडे पाठवली. त्या मातीतील एका जिवाणूने स्रवलेले द्रव्य स्टॅफिलोकॉकस जंतूंना मारत होते आणि त्यांपैकी पेनिसिलिनला दाद न देणाऱ्यांनाही सोडत नव्हते. प्रारंभीचे औषध इतके अशुद्ध आणि तपकिरी असे की प्रयोगशाळेत त्यास ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. शुद्धीकरणानंतर शत्रूला नामोहरम करणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरून त्याचे नाव घडवण्यात आले आणि १९५८ साली अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. परंतु १९६० च्या सुमारास मेथिसिलिन हे सुटसुटीत औषध बाजारात आले. मूत्रपिंडास आणि कानास इजा करणारे, शिरेतून तासभर सावकाश द्यावे लागणारे व्हॅन्कोमायसिन मग कोणास हवे? ते कपाटात गेले. मेथिसिलिनलाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्येच इंग्लंडमध्ये आढळले होते; रुग्णालयांत त्यांचा सुळसुळाट झाल्यावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून, कपाट पुन्हा उघडावे लागले. मधली वीस वर्षे हे औषध शाबूत राहिले, याचे श्रेय कोणाच्या दूरदृष्टीस नाही. त्या काळात त्यास गिऱ्हाईक नव्हते, इतकेच.

हे औषध कसे काम करते हे समजून घेतल्याखेरीज त्याची नासाडी केवढी मोठी आहे हे ध्यानी येणार नाही. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. ती बाजेसारखी विणलेली असते : शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी आडवे बांधणारे पेप्टाइडचे आखूड धागे. विणकामासाठी येणाऱ्या प्रत्येक नव्या धाग्याच्या टोकाशी डी-ॲलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू एकापुढे एक जोडलेले असतात. गाठ मारणारे एन्झाइम हे टोक धरते, शेवटचा रेणू काढून टाकते आणि धागा शेजारच्या धाग्यास बांधते. पेनिसिलिन आणि त्याचे सगळे भाईबंद या कारागिराचे हात जखडतात. व्हॅन्कोमायसिन कारागिरास स्पर्शही करत नाही; ते कच्च्या मालावरच जाऊन बसते. सात अमिनो आम्लांची मिळून झालेली त्याची खोलगट घडण धाग्याच्या त्या टोकास पाच हायड्रोजन-बंधांनी कवटाळते. मग गाठही बसत नाही आणि साखळीही लांबत नाही. भिंत खिळखिळी होऊन जिवाणू मरतो.

या पद्धतीत एक मोठा लाभ होता. कारागिरात फेरफार करणे जंतूस फारसे कठीण नसते. एक एन्झाइम बदलले की मेथिसिलिन निकामी. कच्चा माल बदलायचा तर मात्र सबंध कारखानाच नव्याने उभारावा लागतो. म्हणूनच औषध वापरात आल्यापासून जवळजवळ तीस वर्षे रुग्णालयांत व्हॅन्कोमायसिनला पुरून उरणारा एन्टरोकॉकस वा स्टॅफिलोकॉकस दिसला नाही. १९८६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये एन्टरोकॉकस जिवाणूंत तो दिसला, तेव्हा त्यांनी नेमके तेच केले होते. त्यांच्यापाशी जनुकांचा एक संचच होता : एक जनुक औषधाची चाहूल घेणारे, एक डी-लॅक्टेट बनवणारे, एक ते डी-ॲलनिनपुढे जोडणारे आणि एक जुन्या पद्धतीची टोके शोधून तोडणारे. शेवटच्या ॲलनिनच्या जागी लॅक्टेट आले की पाचांपैकी एक बंध तुटतो आणि औषधाची पकड सुमारे हजारपटीने ढिली होते. हा सारा उलगडा विद्यापीठांच्या आणि संशोधनसंस्थांच्या प्रयोगशाळांत झाला. औषध कोठे चिकटते हेही तेथेच कळले होते आणि ते का निसटते हेही तेथेच कळले.

प्रश्न असा की एवढी गुंतागुंतीची यंत्रणा, तीही जागच्या जागी उडी मारून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारी, युरोपात एकाएकी पसरली कशी? उत्तर रुग्णालयात शोधून पुरते सापडत नाही. त्यासाठी गोठ्यात आणि खुराड्यात जावे लागते.

प्रतिजैविकाची अल्प मात्रा खाद्यात मिसळली की कोंबड्या आणि डुकरे थोडी लवकर वाढतात, हे शतकाच्या मध्यावरच माहीत झाले होते. त्यातून उद्भवणारा धोकाही अज्ञात नव्हता. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ साली स्पष्ट शिफारस केली की माणसाच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी जनावरांना घालू नयेत. शिफारस शहाणपणाची होती, पण तिच्यात एक फट होती आणि व्यापाराला फट दिसायला वेळ लागत नाही. माणसाच्या उपचारात वापरत नसलेले, परंतु गुणाने तेच असलेले औषध घातले तर? ॲव्होपार्सिन हे असे औषध. ते ग्लायकोपेप्टाइडच, त्याच दोन ॲलनिनांना धरणारे, व्हॅन्कोमायसिनचे सख्खे भावंड. अमेरिकन सायनामिड या कंपनीने ते शोधले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपात ते खाद्यात सर्रास मिसळले जाऊ लागले. कागदावर ते ‘मानवी औषध’ नव्हते. जिवाणूस हा कागद वाचता येत नाही, ही गोष्ट परवाना देणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल, असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान करणे होय.

किलोंचा हिशेब येथे येतो. डेन्मार्क हा पन्नास लाखांच्या आसपास वस्तीचा देश. तेथे १९९४ या एका वर्षात सर्व रुग्णांसाठी मिळून २४ किलो व्हॅन्कोमायसिन वापरले गेले. त्याच वर्षी, त्याच देशात, जनावरांच्या खाद्यात गेलेले ॲव्होपार्सिन २४,००० किलो होते. मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या शिरेत थेंब थेंब मोजून द्यायचे औषध, आणि त्याचे भावंड हजारपट प्रमाणात डुकरांच्या द्रोणीत! यास चूक म्हणता येणार नाही. चूक वीस वर्षे सलग नफा देत नाही.

जर्मन आणि डॅनिश संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी खुराड्यांतील विष्ठा, दुकानांतील मांस आणि रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या निरोगी माणसांची आतडी तपासली, तेव्हा तिन्ही ठिकाणी व्हॅन्कोमायसिन-रोधक एन्टरोकॉकस मिळाले. तरीही पुरावा अपुरा आहे, आणखी अभ्यास व्हावा, असे सांगणारे होतेच. धंदा चालू ठेवायचा असला की अभ्यासाची ही तहान नेहमीच फार वाढते. डेन्मार्कने वाट पाहिली नाही. मे १९९५ मध्ये ॲव्होपार्सिनवर बंदी घातली. नॉर्वेने त्याच वर्षी, जर्मनीने १९९६ च्या आरंभी तेच केले आणि १९९७ मध्ये युरोपीय संघाने सर्वत्र बंदी आणली. स्वीडनने तर वाढीसाठी घातली जाणारी सगळीच प्रतिजैविके १९८६ मध्येच बंद केली होती आणि त्यापायी स्वीडिश लोक उपाशी मेल्याची नोंद इतिहासात नाही.

बंदीचा परिणाम काय झाला? डेन्मार्कमध्ये मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांतील एन्टरोकॉकस फीशियम या जंतूपैकी व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे १९९५ मध्ये ७२.७ टक्के होते; २००० मध्ये ते ५.८ टक्क्यांवर आले. डुकरांत मात्र आकडा हटेना. शोध घेता कळले की व्हॅन्कोमायसिन-रोधाची जनुके आणि टायलोसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या रोधाचे जनुक एकाच वाहकावर शेजारी शेजारी बसले होते. डुकरांना टायलोसिन चालू असल्याने एकाबरोबर दुसऱ्याचेही पोषण होत होते. १९९८ मध्ये टायलोसिनचा वाढीसाठी होणारा वापर थांबला आणि मग डुकरांतील प्रमाणही उतरले. निसर्गाच्या सुडाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. सूड घेणारा निसर्ग सरकारी अधिसूचना निघताच माघार घेत नसतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. अमेरिकेत ॲव्होपार्सिनला परवानगी कधीच मिळाली नाही. तरीही तेथील रुग्णालयांत संसर्ग करणाऱ्या एन्टरोकॉकसपैकी व्हॅन्कोमायसिन-रोधकांचे प्रमाण १९८९ मधील ०.३ टक्क्यांवरून १९९३ मध्ये ७.९ टक्क्यांवर गेले. तेव्हा डुकरांचा दोष कसा? उत्तर सरळ आहे. युरोपने जे गोठ्यात केले ते अमेरिकेने वॉर्डात केले. तेथे व्हॅन्कोमायसिनच बेसुमार वापरले गेले; शिरेतून, तोंडावाटे, गरज असता आणि नसता. जनावराच्या मार्गाने असो की माणसाच्या, मात्रा वाढली की रोध वाढतो. दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे : ही जनुके माणसाने निर्माण केलेली नाहीत. कॅनडाच्या युकॉन भागातील ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीत ती सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि ग्लायकोपेप्टाइड तयार करणारे मातीतील जिवाणू स्वतःचा बचाव याच युक्तीने करतात. हे खरेच आहे. ठिणगीही जुनीच असते. परंतु गंजीला आग लागल्यावर ठिणगीच्या प्राचीनत्वाचे दाखले देणाऱ्या माणसाच्या हातात घासलेटाचा डबा असेल, तर त्यास गावकरी इतिहासकार म्हणत नाहीत.

या उधळपट्टीची किंमत कोण मोजतो हे पाहण्यासाठी औषधाच्या उपयोगाकडे वळले पाहिजे. ग्लायकोपेप्टाइडचा रेणू अवजड. पेनिसिलिनच्या चौपटीहून अधिक वजनाचा. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य आवरणातून तो आत शिरत नाही, म्हणून क्लेब्सिएला किंवा ई-कोलाय यांच्यापुढे तो निरुपयोगी. त्याचे क्षेत्र ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंचे : मेथिसिलिन-रोधक स्टॅफिलोकॉकसचा रक्तात, हाडात, फुप्फुसात वा हृदयाच्या झडपेवर झालेला संसर्ग, पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी असलेला रुग्ण, जिवाणूजन्य मेंदुज्वरात दुसऱ्या औषधाच्या जोडीने, डायलिसिसच्या नळीतून शिरलेला जंतू. आतड्यातून ते शोषले जात नाही, हा दोषच एका रोगात गुण ठरतो. इतर प्रतिजैविकांनी आतड्यातील जिवाणू मारल्यावर तेथे माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी ते तोंडावाटे देतात आणि औषध जेथे हवे तेथेच राहते. एरवी ते शिरेतूनच द्यायचे, आणि एक ग्रॅम द्यायला निदान एक तास. घाईने दिले तर हिस्टामिन सुटून रुग्णाचा चेहरा आणि मान लालबुंद होते, रक्तदाब उतरतो. ज्या वॉर्डात एका परिचारिकेकडे दोन रांगा खाटा असतात, तेथे हा तास कोठून आणायचा? मात्रा कमी पडली तर जंतू शिरजोर होतो, जास्त झाली तर मूत्रपिंड जाते. म्हणून रक्तातील पातळी मोजत राहावे लागते. ही मोजणी जेथे होत नाही अशी रुग्णालये या देशात थोडी नाहीत.

रोध वाढला की प्रथम बळी जातो तो याच रुग्णांचा. २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात व्हॅन्कोमायसिनला पूर्णपणे न जुमानणारा पहिला स्टॅफिलोकॉकस सापडला, तो डायलिसिसवर असलेल्या एका मधुमेही रुग्णाच्या शरीरात. एन्टरोकॉकसची ती जनुके स्टॅफिलोकॉकसने उचलली होती.

भारताची गोष्ट निराळी आहे असे समजण्याचे कारण नाही. येथील मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्यातून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद जी माहिती गोळा करते, तीत स्टॅफिलोकॉकसपैकी मेथिसिलिन-रोधकांचे प्रमाण गेल्या काही वर्षांत ४० टक्क्यांच्या पुढे गेलेले दिसते. त्यांच्यासाठी व्हॅन्कोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन हवेच. परंतु उरलेल्या निम्म्याहून अधिकांचे काय? त्यांच्यावर क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिन ही जुनी, स्वस्त औषधे व्हॅन्कोमायसिनहून अधिक गुणकारी आहेत. त्या जंतूंना व्हॅन्कोमायसिन मंदपणे मारते. असे असता खाजगी अतिदक्षता विभागांत रुग्ण आत येताच मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिनची जोडी सुरू करण्याचा शिरस्ता पडला आहे. रक्ताचा कल्चर-अहवाल नंतर येतो, आणि आला तरी जोडी फुटत नाही. महाग औषधाच्या प्रत्येक कुपीवर विक्रेत्याचा आणि रुग्णालयाच्या दुकानाचा वाटा असतो. क्लॉक्सासिलिनवर कोणाचे घर चालणार? नातेवाइकाच्या हाती बिल येते, त्यात ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ त्यास कोणी सांगत नाही. गोठ्याची गोष्टही वेगळी नाही. कोलिस्टिन हे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवरील अखेरचे औषध कोंबड्यांना घालण्यावर भारत सरकारने बंदी आणली ती जुलै २०१९ मध्ये, म्हणजे ॲव्होपार्सिनच्या युरोपीय बंदीनंतर तब्बल बावीस वर्षांनी.

टायकोप्लॅनिनचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचे मूळ गावही सांगितले पाहिजे. दिवसातून एकदा देता येणारे, स्नायूतही टोचता येणारे, मूत्रपिंडास त्यामानाने सौम्य असे हे औषध ज्या जिवाणूपासून मिळाले तो इंदूरच्या निमोडी गावातील मातीत सापडला. होळकरांच्या इंदूरची माती इटलीतील लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली आणि १९७८ साली जगाला नवे प्रतिजैविक मिळाल्याचे जाहीर झाले. जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा अधिकार मानणारा आंतरराष्ट्रीय करार झाला १९९२ मध्ये, भारताचा कायदा २००२ मध्ये. त्याआधीची माती ही कोणाचीच नव्हती. तीतून निघालेले पेटंट मात्र कोणाचे तरी होते. बोर्निओच्या मातीबाबतही हाच न्याय.

यावर बाजाराचे पुरस्कर्ते सांगतात की संशोधनाचा खर्च अफाट आहे, नफा नसेल तर नवे औषध येणार नाही. नफा असताना काय झाले ते पाहावे. डालबाव्हॅन्सिन हा या वर्गातील नवा रेणू आठवड्यांपर्यंत शरीरात टिकतो. एक-दोन सलाइनांत उपचार पुरा होतो. हातावर पोट असलेल्या मजुरास दोन आठवडे खाटेवर पडून राहण्यातून सोडवणारे औषध यापेक्षा कोणते? ते लेपेटिटच्या वारसांकडून व्हिक्युरॉन कंपनीकडे आले; २००५ मध्ये फायझरने ती कंपनी १.९ अब्ज डॉलरना घेतली. २००८ मध्ये परवान्याचा अर्जच मागे घेतला. पुढच्या वर्षी औषध ड्युराटा या नव्या कंपनीस विकले. २०१४ मध्ये परवाना मिळाला आणि त्याच वर्षी ॲक्टाव्हिसने ड्युराटा खरेदी करण्याचा सौदा केला. अमेरिकेत एका उपचाराची किंमत हजारो डॉलरांत लागली. ओरिटाव्हॅन्सिन हे लिलीच्याच प्रयोगशाळेतले दुसरे नवे औषध असेच पाच कंपन्यांच्या दारांतून फिरले, आणि ते ज्या मेलिंटा कंपनीच्या पदरी अखेर पडले तिने डिसेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण उघड आहे. राखीव औषध कमीत कमी वापरावे असे वैद्यक सांगते. जास्तीत जास्त खपावे असे भांडवल सांगते. जपून वापरले तर कंपनी बुडते, न जपता वापरले तर औषध बुडते. ज्या मालाची खरी किंमत तो न वापरण्यात आहे, तो बाजारात सांभाळला जाईल ही अपेक्षा कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

अशा औषधाचे उत्पादन, साठा आणि वाटप समाजाच्या हाती असले पाहिजे. ही मागणी या देशास नवीन नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीस स्थापन झाला तो स्वस्त पेनिसिलिनसाठी. तेथे केवळ परदेशी कृतीवर माल काढला गेला, असेही नाही. तेथल्या शास्त्रज्ञांनी माती चाळली, नवा जिवाणू शोधला, त्यास पिंपरीचेच नाव दिले आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध काढले. बोर्निओची माती इंडियानापोलिसला आणि निमोडीची मिलानला जात होती त्याच पिढीत पिंपरीची माती पिंपरीतच तपासली जात होती. पुढे आयात मोकळी झाली, चिनी कच्चा माल स्वस्तात येऊ लागला आणि १९९७ मध्ये कारखान्याची नोंद आजारी उद्योगांत झाली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळापुढे त्याचा विषय आला, तेव्हा निर्णय झाला तो देणी भागवण्यासाठी त्याची जादा जमीन विकण्याचा.